खालीचा महिना

आमच्या मॅडमबद्दल जामनेरात दोन मतं आहेत. एक, त्या फार कावतात. दुसरं, त्या फारच कावतात. माझं मत कोणी विचारत नाही, तरी सांगते. ज्यांच्यावर कावावं अशीच माणसं रोज सकाळपासून त्यांच्या दारात येऊन बसतात, त्याला त्या काय करणार?

मी मोहिनी. डॉ. नौशीन पिंजारी यांच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये काउंटरला बसते. नावं पुकारते, बायकांना बाटलीभर पाणी प्यायला लावते, "अजून थोडं प्या, लघवीला जाऊ नका" असं दिवसभर ओरडते, आणि तपासणी चालू असताना पडद्याच्या आत बाईमाणूस म्हणून उभी राहते. त्यामुळे आतलं सगळं मला दिसतं आणि बाहेरचं सगळं मला ऐकू येतं. अशा जागी बसणाऱ्या माणसाचा स्वभाव गोड राहत नाही. माझाही राहिलेला नाही.

सोनोग्राफी म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच किडा वळवळतो, मुलगा की मुलगी. त्यासाठी कायदा आहे, भिंतीवर पाटी आहे, आणि पाटी वाचूनही विचारणाऱ्या एका पाटलाला मॅडमनी जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचवून दिलेलं आहे. तो विषय आमच्याकडे तिथंच संपतो. मी सांगते आहे ते त्याच्या कितीतरी आधीचं. पाळी चुकलेली असते, पोटात मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी असतं किंवा नसतं, आणि असलं तर ते धरलंय की सुटतंय हे बघायचं असतं. मॅडमचं खरं काम ते. बाकी सगळं यंत्रही करील असं त्या म्हणतात.

मॅडम इथल्याच. वडिलांचं गादी-उशांचं दुकान होतं जामनेरच्या बाजारात. मुलगी डॉक्टर झाली तेव्हा मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली, आणि बाळंतपणं करायची सोडून ती अंधाऱ्या खोलीत बसून फोटो काढणार आहे असं कळलं तेव्हा त्याच मोहल्ल्याने नाकं मुरडली. मॅडमनी दोन्हीकडे लक्ष दिलं नाही. आता राहतात जळगावला, नवरा तिथं कॉलेजात शिकवतो, आणि त्या रोज गाडी चालवत इकडे येतात. येताना रस्त्यातले खड्डे मोजत येत असाव्यात, कारण दारातून आत पाऊल टाकतात तेव्हाच भुवया चढलेल्या असतात.

त्यांचा सगळ्यात जास्त राग तारखेवर. शेवटची पाळी कधी आली, हा सोनोग्राफीवाल्याचा पहिला प्रश्न. त्यावर सगळं गणित उभं असतं. आणि त्याला उत्तर कोण देतं? नवरा. मागे बोदवडच्या जिनिंगवर कामाला आलेला तेरसिंग म्हणून एक जण बायकोला, चमेलीबाईला घेऊन आला होता. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं. मॅडमनी तिला विचारलं आणि हा खणखणीत आवाजात म्हणाला, "पाच तारीख."

"तेरसिंगभाऊ, पाळी तुम्हाला येते का?"

तो लाजून लाल झाला. म्हणाला, "नाही, पण बठ्ठे तारीख मांगतस, म्हणून पाठ करी ठेवी शे."

ऑफिसात गेलं तारीख मागतात, रेशनवर मागतात, दवाखान्यात मागतात. त्या माणसाने एक तारीख तयार ठेवली होती, सगळीकडे चालेल अशी. मॅडमनी त्याला बाहेर बसवलं आणि चमेलीबाईला विचारलं, भोंगऱ्याच्या बाजाराला गेली होतीस का? तिचा चेहरा उजळला. होळीच्या आधीचा तो बाजार त्यांच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. गेली होती, पण नाचली नव्हती. का नाचली नाहीस? तर बाई खाली बघून हसली. झालं, मॅडमना दिवस सापडला.

"कॅलेंडर भिंतीवर असतं ते दूधवाल्यासाठी असतं," मॅडम मला नेहमी म्हणतात. "बाई स्वतःचे दिवस दुसऱ्याच कशावर तरी मोजते. ते काय आहे ते शोधायचं. तेवढाही कंटाळा असेल तर हा धंदा करू नये."

कोणी आखाजीवर, म्हणजे अक्षय्य तृतीयेवर मोजते, माहेरी झोक्यावर बसता आलं की नाही त्यावर. कोणी कापसाच्या वेचणीवर. एका बाईने गावात टँकर आला तो दिवस सांगितला होता. मॅडम विचारत बसतात आणि बाहेर रांग वाढत जाते. मग रांग कावते, मी रांगेवर कावते, आणि मॅडम आतून आम्हा सगळ्यांवर कावतात. बाकावरच्या म्हाताऱ्या एकमेकींना सांगतात, "बाई लय कावते वं, पन तिले बरोबर दिसते."

आता जुबेदाचं सांगते. तेच सांगायचं आहे.

मे महिना लागला होता. दुपारी पहूरहून तिघं आली. जुबेदा, तिचा नवरा झैद, आणि तिची मोठी जाऊ नाजमीन. झैद आणि त्याचा भाऊ उमर पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या बनवतात. लग्नसराई चालू, त्यामुळे झैद आल्यापासून फोनवरच होता आणि त्याच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. जुबेदा विशीतली. लग्नाला चार वर्षं झालेली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा पाळी चुकलेली. डोळे सुजून बारीक झाले होते. नाजमीन तिच्यापेक्षा थोडी मोठी, चेहऱ्यावर काहीच भाव नाही, फक्त जुबेदाची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली.

झैदने काउंटरवर त्याच सकाळचा जळगावचा रिपोर्ट टाकला. म्हणाला, "पिशवी साफ करायची आहे उद्या. सकाळी साडेआठला बोलावलंय. ही भाभी ऐकत नाही, म्हणते एकदा जामनेरच्या बाईंना दाखवा. तेवढं बघून द्या लवकर."

जळगावच्या त्या डॉक्टरांना आपण भूपेंद्र डॉक्टर म्हणू. खरं नाव घेऊन काय करायचं? मोठं सेंटर, काचेचं दार, आत एसी, बसायला सोफे. मॅडमच्याच बरोबर शिकलेले. त्यांनी लिहिलं होतं, तीन महिने झालेत, दोन दिवसांपासून रक्त जातंय, गर्भाची पिशवी आहे पण आत गर्भही नाही आणि ठोकाही नाही. आणि तोंडी सांगितलं होतं की आत राहिलं तर अंगात जहर पसरेल, लवकर साफ करून घ्या.

जुबेदाला आत घेतलं. झैदला बाहेर ठेवलं. नाजमीनला जुबेदा सोडेना, म्हणून तीही आत आली.

आतलं बोलणं त्यांच्या घरच्या हिंदीत झालं. मॅडमची बोलीही तीच. मी ते मराठीत सांगते, फक्त एक वाक्य होतं तसं ठेवणार आहे, कारण सगळा घोळ त्या वाक्यात आहे.

मॅडमनी विचारलं, "रक्त किती जातंय? दिवसाला कपडे किती बदलावे लागतात?"

जुबेदा म्हणाली, "रक्त नाही जात."

"दोन दिवसांपासून जातंय असं लिहिलंय."

"नाही मॅडम. एक थेंब नाही."

मॅडमनी मला खूण केली. मी बघितलं. कपडा कोरा होता.

मॅडमच्या भुवया चढल्या. "मग त्यांना कोणी सांगितलं? तू काय बोललीस ते शब्दाला शब्द सांग. पहिल्यापासून."

जुबेदा घाबरली. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. हळू आवाजात म्हणाली, तिथल्या मुलीने विचारलं कितवा महिना, मी म्हटलं तिसरा लागला. मग डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? तर मी म्हटलं,

"परसों खाली लगा ना, तब से."

मॅडमनी हातातलं यंत्र जागेवर ठेवून दिलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मोहिनी, तुला काय समजलं?"

मला काय समजणार? खाली लागलं म्हणजे खाली कपड्याला लागलं. डाग लागला. आपल्याकडे दर दुसरी बाई असंच बोलते. मी तसं म्हटलं.

"त्यालाही तेच समजलं," मॅडम म्हणाल्या. "खाली महिन्याचं नाव आहे, मोहिनी. रमजान, मग ईदचा महिना, मग खालीचा, मग बकरीदचा. दोन ईदांच्या मध्ये जो रिकामा महिना येतो, ज्यात सण नाही वार नाही, त्याला घरातल्या बायका खाली म्हणतात. परवा चांद दिसला आणि खाली लागला. ही पोरगी महिना सांगत होती."

मी आयुष्यभर जामनेर-बोदवडच्या पट्ट्यात राहिले. आमच्या भिंतीला भिंत लागून मुसलमानांची घरं होती. ईदचा शीरखुर्मा दरवर्षी प्यायले. हा महिना मला माहीत नव्हता.

"आणि तिसरा कोणी मोजला?" मॅडमनी विचारलं.

"अम्मींनी," जुबेदा म्हणाली. अम्मी म्हणजे तिची सासू, चांदबी. "बोटावर मोजला. रमजान एक, ईदचा दोन, खाली तीन."

"रमजानमध्ये रोजे सुटले तुझे?"

हा प्रश्न ऐकून मी चक्रावले. पण पाळीच्या दिवसांत रोजा धरत नाहीत, नमाज पढत नाहीत, आणि सुटलेले रोजे नंतर भरून द्यावे लागतात. म्हणून कोणत्या रोज्याला पाळी आली हे त्या बायका विसरत नाहीत. जुबेदा लगेच म्हणाली, "बडी रातला आली. सत्ताविसाव्या रोज्याच्या आदल्या रात्री. सगळ्या नमाज पढत होत्या आणि मी बाजूला बसून रडले. पोरासाठी दुआ मागायची होती त्या रात्री."

मॅडमनी मनात हिशेब केला आणि त्यांचा आवाज चढला. "पाच आठवडे. जेमतेम पाच आठवडे झालेत. पाच आठवड्यांना ठोका कुठून दिसणार? कोणाला दिसलाय आजपर्यंत? हे तीन महिने म्हणून लिहून मोकळे झाले."

पोटावरून नीट दिसेना, म्हणून जुबेदाला विचारून आतून तपासणी केली. पडद्यावर काळा गोल ठिपका, त्याच्या आत बारीक पांढरी कडी. मला इतक्या वर्षांत एवढं ओळखता येतं. पाच आठवड्यांचं जसं असावं तसंच ते होतं. मॅडमनी मात्र जुबेदाला खोटी आशा लावली नाही. त्या बाबतीत त्या फार कडक आहेत.

"ऐक. सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. वाईट आहे असंही म्हणत नाही. आज कोणालाच सांगता येणार नाही. दोन आठवडे थांबायचं, मग बघायचं. तोपर्यंत काही साफ करायचं नाही, कसली गोळी घ्यायची नाही."

इतका वेळ नाजमीन एक अक्षर बोलली नव्हती. आता म्हणाली, "थांबता येतं?"

"येतं."

"जहर होत नाही?"

"रक्त जात नाही, ताप नाही, पोटात दुखत नाही. कसलं जहर? दुखलं किंवा रक्त गेलं तर रात्रीबेरात्रीही या."

"म्हणजे थांबता येतं," नाजमीन पुन्हा म्हणाली, आणि पिशवी उचलून बाहेर गेली. मला तेव्हा ती जरा मंद वाटली होती.

झैद ऐकेना. त्याचंही चूक म्हणता येत नाही. "एक डॉक्टर म्हणतो मेलेलं आहे, तुम्ही म्हणता थांबा. आम्ही पत्रा ठोकणारी माणसं, आम्ही कोणाचं ऐकायचं? उद्या हिला काही झालं तर तुम्ही येणार का?"

"येईन," मॅडम म्हणाल्या. "पण तू उद्या साफ करून आणलीस आणि ते जिवंत असलं, तर तू कोणाकडे जाणार आहेस? तेवढं सांग मला."

त्याने फोन खिशात घातला. जाताना जुबेदाला रिक्षात हाताला धरून बसवलं.

ते गेल्यावर मॅडमनी भूपेंद्र डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर लावला. मी काउंटरवरचे कागद उगीच इकडचे तिकडे करत राहिले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. चक्क हसले. "खालीचा महिना? हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. अहो, त्या लोकांची भाषाच कळत नाही मॅडम. खाली लगा म्हणाली, मी काय समजायचं? तुम्ही त्यांच्यातल्या, म्हणून तुम्हाला कळलं."

"मी त्यांच्यातली आहे म्हणून नाही कळलं. मी विचारलं म्हणून कळलं. रक्त किती जातंय एवढा एक प्रश्न विचारला असता तर तुम्हालाही कळलं असतं."

"बाहेर चाळीस पेशंट असतात हो."

"आणि तीन महिने धरले तरी, एवढीशी पिशवी बघून परत एकदा तपासायचं असतं की नाही? शिकवलं होतं ना आपल्याला? एकाच वर्गात होतो आपण."

"बरं, आता थांबवलंत ना तुम्ही? मग झालं तर. थँक यू." आणि फोन ठेवला.

मग झालं तर. मॅडम त्या फोनकडे बघत बसल्या. त्या म्हणाल्या, "मोहिनी, तो वाईट माणूस नाही गं. त्याला फक्त काहीच वाटलं नाही." मला मात्र तो वाईटच वाटला. अजून वाटतो. माणसाला काही वाटत नाही हे चांगलं असल्याचं लक्षण आहे, असं मला कोणी पटवून देऊ नये.

ते दोन आठवडे मॅडमनी मला जगू दिलं नाही. कोणी पहूरहून आलं की विचार, पत्र्याच्या कोठ्यावाल्यांच्या घरात सगळं ठीक आहे का? जुबेदाचा फोन झैदकडे, आणि झैद फोन उचलायचा नाही. मला वाटायला लागलं, यांनी उरकून टाकलं असणार. चार बायका घरात येऊन बसल्या असतील, पोटात मेलेलं घेऊन कशी फिरते म्हणाल्या असतील, आणि नेलं असेल उचलून. ठरलेल्या दिवशी ते आलेच नाहीत. त्या दिवशी मॅडम मशीनवर, माझ्यावर, चहावाल्यावर, सगळ्यांवर ओरडल्या. मीही चहावाल्यावर ओरडले. तो बिचारा म्हणाला, चहा तर रोजचाच आहे.

दुसऱ्या दिवशी आले. शुक्रवार होता. चांदबीने जुम्म्याच्या नमाजनंतरची वेळ धरली होती, आणि या वेळी ती स्वतः आली होती. झैद मागे, जुबेदा मध्ये, आणि नाजमीन सगळ्यांच्या मागे, दोन हात अंतर ठेवून. हॉल भरलेला होता. चांदबीने जुबेदाला बाकावर बसवलं, आणि नाजमीन तिच्याशेजारी टेकणार तेवढ्यात म्हणाली, "तू उधर बैठ. आज के दिन इसको हात मत लगा." नाजमीन खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. हॉलमधल्या बायकांनी बघितलं. अशा गोष्टींचा अर्थ आपल्या बायकांना कोणी समजावून सांगावा लागत नाही.

मी नाव पुकारलं तेव्हा चांदबी उठली. पण जुबेदा खिडकीकडे गेली आणि नाजमीनचा हात धरून तिलाच आत घेऊन आली. मला ती पोरगी त्या क्षणी फार आवडली.

आत अंधार. मॅडमनी यंत्र लावलं. काळा गोल आता मोठा झाला होता, आणि त्याच्या कडेला तांदळाएवढं काहीतरी. त्या तांदळाच्या मधोमध काहीतरी लुकलुकत होतं. मॅडमनी बोट ठेवून दाखवलं.

"हा ठोका. चालू आहे. चांगला चालू आहे."

जुबेदाने ओढणी तोंडात कोंबली आणि रडली. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं बघूनही येतं. मॅडम पुसायला कागद शोधायच्या निमित्ताने पाठमोऱ्या झाल्या.

नाजमीन पडद्याकडेच बघत होती. ती म्हणाली, "मॅडम, माझंही असंच झालं होतं. मागच्या साली."

मॅडम वळल्या.

"तेच डॉक्टर. पिशवी आहे, ठोका नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी साफ केलं."

"कोणता महिना चालू होता?"

"खाली."

"कितवा सांगितला होतास?"

"अम्मींनी सांगितला. तिसरा."

"रक्त जात होतं?"

नाजमीनने मान हलवली. "साफ केल्यावर गेलं. आधी नाही."

मी पडद्याची कड धरून उभी होते, ती सोडवेना. मॅडमनी अगदी हळू विचारलं, कागद आहे का त्याचा? नाही. अपशकुनी म्हणून चांदबीने चुलीत घातला होता. रोजे कोणते सुटले होते? तेही आठवून सांगितलं तिने, जराही न अडखळता. रमजानच्या शेवटचेच होते.

"मी थांबले असते तर माझ्यातही हे दिसलं असतं?" तिने पडद्याकडे बोट केलं. तिथं ते लुकलुकणं चालूच होतं.

मॅडमना काहीतरी सोपं बोलता आलं असतं. तुझं वेगळं असेल, जाऊ दे, अल्लाची मर्जी. दुसरी कोणीही बोलली असती. मी बोलले असते. मॅडम म्हणाल्या, "मला सांगता येणार नाही, नाजमीन. आता कोणालाच सांगता येणार नाही."

"पण दिसू शकलं असतं."

"हो."

नाजमीनने मान डोलावली. जुबेदाला उठवून बसवलं, तिची ओढणी सारखी केली, पायात चप्पल सरकवली, आणि तिला घेऊन बाहेर आली. मॅडम त्यांच्यामागून आल्या. त्या कधी पेशंटमागून हॉलमध्ये येत नाहीत.

"ठोका आहे," जुबेदा म्हणाली. झैद भिंतीला टेकला आणि त्याने डोळे मिटले. चांदबीने दोन्ही हात वर करून शुक्र केला, जुबेदाच्या कानशिलांवरून बोटं मोडली, आणि मग नाजमीनच्या हातातून तिचा हात सोडवायला लागली. "अब तू छोड इसको. तेरा साया नको."

"खाला," मॅडम चांदबीला म्हणाल्या. "मागच्या वर्षी हिच्याबरोबर जळगावला कोण गेलं होतं?"

"मैंच गई थी. क्यों?"

"डॉक्टरांनी काय विचारलं होतं?"

"पूछे, खाली लगा क्या. हम बोले, हां, लगा." चांदबीला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. खाली लागला होताच की.

मॅडम तोंड उघडणार होत्या. मला त्यांचा तो श्वास ओळखू येतो, त्यानंतर काय येतं तेही माहीत आहे. पण त्यांच्या आधी नाजमीन बोलली. आणि ती मराठीत बोलली. हॉलमधल्या सगळ्यांना कळावं म्हणून असेल.

"त्यांनी रक्त विचारलं होतं, अम्मी. तुम्ही महिना सांगितला. मीही तिथंच होते, मलाही कळलं नाही. पण वर्षभर तुम्ही मला काय म्हणता? हिच्या पोटात टिकत नाही. हिची सावली नको. उमरचं दुसरं लग्न लावू म्हणालात, माझ्यासमोर, मी भाकरी थापत होते तेव्हा. मोहल्ल्यात कोणाच्या बारशाला मला नेलं नाही. सगळ्यांना सांगितलं, नाजमीनचं पडलं." तिचा आवाज चढत गेला. इतका मोठा आवाज तिच्याकडे होता हे तिलाही माहीत नसावं. "माझं पडलं नव्हतं. ते पाडलं."

चांदबी बाकावर बसली. झैद म्हणाला, "भाभी, लोकं बघतायत."

"बघू दे," नाजमीन म्हणाली. "त्यांच्यातल्याही कोणाचा महिना कोणी असाच चुकीचा ऐकेल." आणि ती पुढे बोलत राहिली.

मॅडम दारातच उभ्या होत्या. माझ्या हातात पुढच्या बाईचा नंबर होता. हॉलमधला कूलर फार आवाज करतो. बाहेर उन्हाचा जाळ होता, तरी मी जाऊन कूलर बंद केला, म्हणजे शेवटच्या बाकावर बसलेल्या बाईलाही नीट ऐकू जाईल.